वाचनालयाला एकमताने पाठिंबा

कर्जत स्टेशनात उतरले तेव्हा उन्हाने डोकं भणभणत होतं, आणि माझी धाकटी नणंद सुलभा हातात गरम वडापाव घेऊन उभी होती. वैशाखात, भर दुपारी, गरम वडा! पण सांगलीहून निघाल्यापासून पोटात नुसता चहा होता, म्हणून खाल्ला. झकास होता. या प्रवासातल्या फारच थोड्या गोष्टींबद्दल मी चांगलं लिहिणार आहे, त्यात तो वडा धरा.

सुलभा कर्जतपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात वाचनालय चालवते. गावाचं नाव लिहीत नाही. नात्यातलं गाव आहे, पुन्हा जायचंय मला तिथे. वाचनालय म्हणजे पंचायतीच्या इमारतीतली एक खोली. चार कपाटं आत आहेत, त्यामुळे माणसांनी बाहेर उभं राहायचं. शेजारच्या खोलीत पूर्वी रेशन दुकान होतं, ती रिकामी पडलेली. ती मिळाली तर गावातल्या आणि वरच्या वाडीतल्या (डोंगरातल्या आदिवासी वस्तीतल्या) मुलींना संध्याकाळी अभ्यासाला जागा होणार होती. पोलीस भरती, नर्सिंग, कसल्या कसल्या परीक्षा देतात बिचाऱ्या, आणि बसतात कुठे, तर रस्त्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये. अंधारलं की तिथे बाटल्या घेऊन बाप्ये येतात आणि पोरी पुस्तकं आवरून घरी जातात.

खोली कुणाला द्यायची हे ग्रामसभेत ठरायचं होतं. त्याआधी बड्या माणसांचा पाठिंबा मिळवायचा, असा सुलभाचा बेत.

"वहिनी, तू बरोबर चल. तुझ्या तोंडाला लोक घाबरतात," ती म्हणाली. हे कौतुकच आहे असं समजून मी निघाले.

पहिला मुक्काम खालापूरकडच्या बंगल्यांच्या वसाहतीत. फाटकावर नाव, गाव, फोन नंबर, वर आमचा फोटो. जणू आम्ही त्यांचे आंबे चोरायला आलो होतो. ज्यांना भेटायचं ते गृहस्थ शनिवार-रविवार मुंबईहून येतात. ते पोहण्याच्या तलावात होते आणि तिथूनच बोलले.

"वाचनसंस्कृती रुजायला हवी हो, अगदी तळागाळात."

हे वाक्य गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून म्हणता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"सरपंचांना तुमचा एक फोन गेला तर खोली मिळेल," सुलभा म्हणाली.

"छे छे, गावाच्या राजकारणात मी पडत नाही. पुस्तकं देतो ना!"

खोकं आलं. खोक्यासह आमचा आणखी एक फोटो झाला, यात ते ओल्या अंगाने मधोमध उभे. बाहेर येऊन रिक्षात चढताना खोक्याचा तळ फाटला आणि भर रस्त्यात दान उघडं पडलं: जुन्या कोऱ्या डायऱ्या, फ्रिजचं माहितीपत्रक, वजन कमी करायची तीन पुस्तकं, तीही इंग्रजी. वाडीतल्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन घाट उतरतात, त्यांनी वजन कमी करायचं म्हणे!

रिक्षावाला खाली उतरून बघत राहिला. "ताई, वाटेत रद्दीवाला हाय. थांबवू का?"

मी हो म्हणाले. सुलभा नको म्हणाली, आणि ते ओझं मांडीवर घेऊन आम्ही खोपोलीला गेलो.

खोपोलीत समोर बोरघाटाचा डोंगर उभा. मान वर करून बघावा असा, पण बघायला वेळ कुणाला? आम्हाला कारखान्यातल्या साहेबांची वेळ दिलेली होती. साहेब थंडगार खोलीत बसले होते, मनाने उदार होते.

"वाचनालयाला आम्ही कमान देऊ. भव्य. खालून ट्रक जाईल एवढी."

"आमच्या वाचनालयात ट्रक येत नाहीत," मी म्हटलं.

साहेब मनापासून हसले. मग विचारतात, "कमानीवरचं नाव हायवेवरून दिसेल का?"

गावापासून हायवे कुठच्या कुठे! मी काही बोलणार तेवढ्यात सुलभाने माझा पाय दाबला.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. मांडव, खुर्च्या, माईक सगळं बाळाशेठकडून फुकट. बाळाशेठ म्हणजे आसपासच्या गावांचा एकमेव मांडववाला. वाचनालयावर सगळ्यात लांब भाषण त्यानेच ठोकलं. ज्ञान काय, दिवा काय, उजेड काय! मग 'वाचनालयाला गावाचा पाठिंबा' असा ठराव आला. सगळे हात वर, कडकडून टाळ्या. सुलभाचा चेहरा फुलला.

लगेच पुढचा ठराव. रेशनची रिकामी खोली बाळाशेठला खुर्च्या ठेवायला द्यावी. तेच हात, तसेच वर.

माझा विश्वासच बसेना. शेजारी बसलेल्या बाईची मुलगी दर्शना त्या शेडमध्येच अभ्यास करते. त्या बाईचाही हात वर!

"अहो, तुमची पोरगी उघड्यावर बसते ना?"

"बसते की," ती हळूच म्हणाली. "पन ताई, फुडल्या साली तिच्या भावाचं लगीन हाय. बाळाशेठला नाय म्हटलं तर मांडव कोन घालील?"

कपाळ माझं! रात्री सुलभाच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) होती. संतापले की मला भूक जास्त लागते. सुलभाने ताटाला हात लावला नाही. खोकं तेवढं उघडून बसली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन गावांत हळदी होत्या. बाळाशेठचा टेंपो खुर्च्या भरून निघाला. खोलीच्या दारात दर्शना येऊन उभी राहिली, मागे बाकीच्या पोरी.

"बाळाकाका, खुर्च्या गेल्या. मंग खोली रिकामीच हाय ना? आमी बसू?"

"बसा की गं! वाचनालयाला माझा पाठिंबाच हाय. पन खुर्च्या आल्या का उठायचं."

पोरी गोणपाट टाकून बसल्या. ट्यूबलाइट लावली, दार लोटलं. सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हक्काची जागा, ती पाहुण्यासारखी वापरायची, आणि वर त्या माणसाचे आभार!

तो निघाला तेव्हा दर्शनाने विचारलं, "काका, उद्या कुठं लगीन हाय?"

मी सांगलीला परतले. लग्नातल्या उधळपट्टीवर जन्मभर तोंडसुख घेतलेली बाई मी. पण दीड महिना रोज संध्याकाळी सुलभाला फोन करून विचारत होते, आज कुणाचं लग्न आहे का गं? आहे म्हणाली की मला बरं वाटायचं. इतरांच्या पोरी बोहल्यावर चढतील तेवढाच वेळ या पोरींचा अभ्यास. आणि हे ज्यांनी हात वर करून ठरवलं, ते सगळे वाचनालयाचे हितचिंतक.

आज पंचांग बघितलं. चातुर्मास लागला. आता तुळशीचं लग्न होईपर्यंत मुहूर्त नाही. खुर्च्या खोलीत कोरड्या राहतील. पोरी शेडमध्ये बसतील, आणि ती शेड गळते.