कंप्युटरचा माठ

कारंज्याच्या बसस्टँडसमोर छोट्याशा दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक माणूस बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. उन्हाळ्यात कंप्युटर तापून बंद पडतो म्हणून त्यानं स्वतःच जुगाड केलं. माठात कुलरचा पंप सोडला आणि ठिबकच्या नळीनं ते पाणी कंप्युटरच्या पोटात फिरवलं. गिऱ्हाइकांच्या डोक्यावरचा पंखा मात्र बंदच.

"हात लावून पाहा, कसा थंडगार! मानसाले घाम आला त चालते, याले नाई चालत," तो प्रत्येकाला सांगायचा.

माझ्या मुलीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. फॉर्म भरत आला, तेवढ्यात मानोऱ्याच्या एसटीतून उतरलेल्या चार बाया आत शिरल्या. दाराशी माठ, त्यावर झाकणी, झाकणीवर गिलास. आधीच अर्ध्यावर आलेला माठ चौघींनी पोटभर पिऊन तळाला नेला. पंप कोरडा घरघरला आणि कंप्युटर बंद पडला.

"मावशी, थे पानी कंप्युटरचं व्हतं!"

"मंग वरतं गिलास कायले ठेवला? कंप्युटर का गिलासानं पेते?"

मी धावत जाऊन दुसऱ्या दुकानात फॉर्म भरला.

परवा पुन्हा गेलो. त्यानं चूक सुधारली होती. माठ तिथंच होता, गिलास तेवढा उचलला होता.