दोडक्याच्या भाजीतलं पोटॅशियम

पोटॅशियमचा रिपोर्ट पुन्हा चढा आला होता. जाधवकाका डायलिसिसच्या खुर्चीत बसून दोन्ही हात खाजवत होते, आणि आमचे सर, म्हणजे सेंटरचे किडनीचे डॉक्टर, माझ्याकडे बघत होते.

मी वाशीच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये डाएटिशियन आहे. किडनी बंद पडली की रक्त मशीनने स्वच्छ करावं लागतं. पण दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पेशंटने जे खाल्लं, त्यातलं बरंच रक्तात साठत राहतं. पोटॅशियम फार साठलं तर हृदय बंद पडू शकतं. फॉस्फरस साठला की अंगाला खाज सुटते. काकांचं दोन्ही वाढत होतं. वजन मात्र उतरत चाललं होतं.

मारुती जाधव मूळचे साताऱ्याकडचे. आजारी पडेपर्यंत वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी होते, सुक्या मेव्याच्या गाळ्यांवर पोती वाहायचे. अजूनही दुपारी जुन्या सोबत्यांकडे जाऊन बसायचे. सरांना हे माहीत होतं.

“तो तिकडे बदाम खातोय,” सर मला केबिनमध्ये म्हणाले. “स्पष्ट विचार.”

शंका अगदीच चुकीची नव्हती. एखादा माणूस बारीक होत असेल तर एरवी मी स्वतःच त्याला दाणे-बदाम सुचवते. मूठभर दाण्यांत दीड-दोन चपात्यांएवढ्या कॅलरी असतात, वर प्रोटीन आणि चांगलं फॅट. पण त्याच मुठीत पोटॅशियम आणि फॉस्फरसही भरपूर असतो. धडधाकट किडनी जास्तीचं बाहेर टाकते. काकांची टाकत नव्हती.

मी विचारलं. शक्य तितकं सांभाळून विचारलं, तरी त्यांना समजायचं ते समजलंच. त्यांचं खाजवणं थांबलं.

“मॅडम, उभा जन्म पोती उचलली. त्यातला एक दाना तोंडात टाकला न्हाई. मालकाला इचारा.”

डायलिसिस संपल्यावर माझ्या टेबलासमोरून गेले, ते माझ्याकडे न बघता.

दोन दिवस माझं डोकं त्यांच्यातच अडकलेलं होतं. ओपीडीत दुसऱ्यांना डाएट समजावताना मध्येच थांबायचे. खोटं बोलणारे पेशंट मी पुष्कळ पाहिले आहेत. ते नजर चुकवतात, विषय बदलतात. हा माणूस दुखावला होता.

पुढच्या वेळी काकांना हाताला धरून आणावं लागलं. पायात जोर नव्हता. ईसीजी बिघडलेला. सरांनी वाट न बघता औषधं दिली आणि लगेच मशीन सुरू करायला लावलं. आत सगळ्यांची पळापळ. मला तिथे काही काम नव्हतं, म्हणून मी बाहेर आले. बाकावर सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, पदर मुठीत धरून बसल्या होत्या.

मला बघताच त्या म्हणाल्या, की तुम्ही सांगितलेलं सगळं मी करते. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळते, पाणी फेकून देते, मगच फोडणी. केळं, नारळपाणी, टोमॅटो घरात येत नाही. हे सगळं बरोबर होतं. भाजीतलं बरंचसं पोटॅशियम त्या पाण्याबरोबर निघून जातं.

तरी पोटॅशियम वाढतच होतं. म्हणून म्हटलं, “काकू, काल काय केलं होतं?”

“दोडका.”

“कसा केला? पहिल्यापासून सांगा.”

त्यांनी सांगितलं. दोडका चिरला, उकळला, पाणी ओतलं. मोहरी, लसूण, तिखट, मीठ. “मग कूट घातलं नि झाकन ठेवलं.”

“कसलं कूट?”

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “दान्याचं. आनि कसलं?”

माझं माहेर मालवणचं. आमच्याकडे प्रत्येक कालवणात खोबरं, तसं यांच्याकडे शेंगदाण्याचं कूट. भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत. किती घालता म्हणून विचारलं, तर त्यांनी हाताची ओंजळच केली. पूर्वी एवढं नव्हतं, म्हणाल्या. पण मटण बंद, दूध कमी, माणूस वाळत चाललेला. मग ताकदीसाठी कूट वाढवत नेलं.

“पण शेंगदाणे बंद सांगितले होते ना, काकू?”

“दाने कुठं खात्यात ते? एक बी खात न्हाईत.”

आणि ते खरंच होतं. उकळलेल्या पाण्याबरोबर घालवलेलं पोटॅशियम काकू ओंजळीने परत भाजीत टाकत होत्या.

तास-दीड तासाने काकांचा ईसीजी सुधारला. मी सरांना कुटाचं सांगितलं. ते उठून काकांच्या खुर्चीपाशी गेले. तुमच्यावर उगाच संशय घेतला, असं म्हणाले. काकांनी नुसती मान हलवली. काकू मात्र रडायला लागल्या, मीच घालत होते म्हणून. त्यांना समजावण्यात माझा बराच वेळ गेला.

कूट बंद झालं. दाटपणासाठी तांदळाचं पीठ भाजून लावायला सांगितलं. वजनासाठी अंड्याचा पांढरा भाग, भात आणि थोडं जास्त तेल. पोटॅशियम उतरलं. खाज जायला बरेच आठवडे लागले. भाजीला आता चव नाही, हे काका मला दर खेपेला ऐकवतात.

मी आता नवीन पेशंट आला की घरी स्वयंपाक कोण करतं ते आधी विचारते, आणि त्या माणसाला समोर बसवते. पेशंट बाहेर थांबला तरी चालतो.