वाटी नसलेला गुडघा

दक्षिण कोरियातल्या गोहुंगच्या लसणाच्या शेतांत चासुन लांबूनच ओळखू यायची ती तिच्या चालीवरून. उजवा पाय ती जरा बाहेर फेकत टाकायची. तरुणपणी पॉवर टिलर अंगावर उलटला, गुडघ्याच्या वाटीचा पार चुरा झाला, आणि डॉक्टरांनी ती काढूनच टाकली. त्याच पायावर उभं राहून तिनं नवऱ्यामागं मुली वाढवल्या, लसूण उपटला, किमचीच्या लोणच्यासाठी कोबीच्या पाट्या वाहिल्या. सत्तरी ओलांडली तेव्हा मात्र गुडघा ठणकायला लागला.

त्या वसंतात गावप्रमुख तेग्यूनं भोंग्यावरून पुकारा केला, ग्वांग्जू शहरातल्या एका गुडघ्याच्या दवाखान्याची बस येतेय, तपासणी फुकट, वर जेवण. फुलाफुलांच्या विजारी घातलेल्या म्हाताऱ्यांनी बस भरून गेली.

दवाखान्यात पांढऱ्या कोटातल्या पोरी "आई, या ना, आई, बसा ना" करत एकेकीला आत नेत होत्या. चासुनला एमआरआयच्या बोगद्यात सरकवलं, थोडी खडखड झाली न झाली तोच बाहेर काढलं. शेजारीण ग्वीनाम चकित झाली. "एवढ्यात झालं? जिल्ह्याच्या इस्पितळात मला तर आत झोप लागली होती गं!"

डॉक्टरनं तिच्याकडं न बघता पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा, आई. दोन हाडांमध्ये मऊ गादी असते ना, कूर्चा, ती पार झिजलीय. इंजेक्शनं घेतली नाहीत तर अंथरूणच धराल."

पडद्यावरच्या करड्या गुडघ्यापुढं एक गोलसर, गुळगुळीत हाड दिसत होतं.

"आणि हे काय?" चासुननं विचारलं.

"ही तुमची वाटी. ती मात्र छान आहे, आई."

चासुनच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं विजार मांडीपर्यंत खेचली, डॉक्टरचा हात धरला आणि आपल्या गुडघ्यावर दाबला. बोटं खळग्यात रुतली.

"शोध! कुठंय छान वाटी? माझी पोरं लहान होती तेव्हाच कापून फेकलीय ती!"

"आई, कॉम्प्युटरची काहीतरी गडबड..."

"आई म्हणू नकोस मला! स्वतःच्या आईला हात न लावताच सुया टोचल्या असत्यास का?"

ती लंगडत बाहेर आली आणि बायकांना ओरडूनच विचारलं, कुणाला काय दाखवलं? ग्वीनाम म्हणाली, कडेला घेवड्याच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. "माझ्याही!" दुसरी म्हणाली. मग तिसरी. कुणातरी एकाचाच गुडघा सगळ्यांच्या नावावर खपवला होता. बसवाला म्हणाला, सगळ्यांची इंजेक्शनं झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. बायका साध्या प्रवासी बसनं परतल्या.

गावात तेग्यूच तिच्यावर डाफरला. "म्हातारे, लाज घालवलीस गावाची! आता कोण बस पाठवेल?"

"पाठवूच नये कुणी! बायकांचे गुडघे विकून तुला काय मिळालं रे?"

तो लालबुंद होऊन समाजमंदिरात शिरला. चासुननं थोरल्या लेकीला घेऊन आरोग्य कार्यालयात तक्रार केली. फोटोंची अदलाबदल झाली, एवढं बोलून दवाखाना मोकळा झाला. कुणाचा केसही वाकडा झाला नाही.

लेकीनं तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं आधी गुडघा हातानं चाचपून बघितला, मग फोटो. फोटोत मांडीपासून नडगीपर्यंत एक जाड काळी पट्टी होती. "ही कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. वाटीचं कामही इतकी वर्षं हिनंच ओढलंय. आतल्या बाजूची कूर्चा विरलीय, आजी. ती सुईनं परत उगवत नाही. मांडीला व्यायाम द्या, उकिडवं बसणं सोडा."

परतताना चासुन आपला गुडघा चाचपत राहिली. गुडघ्याला नुसता हात लावायचा होता. तेवढंही त्या ग्वांग्जूच्या डॉक्टरला जड झालं होतं!

उन्हाळ्यात कळलं, ग्वीनाम गुपचूप जाऊन त्याच दवाखान्यात इंजेक्शनं घेऊन आली. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता.

"अगं, डोळ्यांनी बघितलंस ना सगळं? मग का गेलीस?"

ग्वीनाम खाली बघत म्हणाली, "तिथं निदान कुणी आई म्हणतं. माझा पोरगा फोनसुद्धा करत नाही."

चासुनला तिच्यावर हात उगारावासा वाटला. उगारला नाही. दंडाला धरून तिनं ग्वीनामला जिल्ह्याच्या बसमध्ये चढवलं आणि त्या डॉक्टरणीच्या दारापर्यंत वाटभर शिव्या घालत राहिली. दवाखान्याला, तेग्यूला, ग्वीनामच्या पोराला, आणि ग्वीनामलाही.