कोरड्या प्लेटा

माझी चांगली पितळी परात त्या गिअरबॉक्सनं खाल्ली, तिथूनच सुरुवात करते. माहेरची परात होती. एके सकाळी भाकरीचं पीठ मळायला हात घातला तर परात जागेवर नाही. बाहेर येऊन बघते तर तिच्यात रॉकेल ओतलेलं, आणि रॉकेलमध्ये दातेरी चाकं, स्प्रिंगा, छर्रे पडलेले. मी कपाळावर हात मारून घेतला. आमचे हे मान खाली घालून म्हणाले, "अगं, दुसरं एवढं मोठं भांडंच न्हवतं."

"मग आता पीठ काय तुमच्या टोपीत मळू?" मी म्हटलं.

हे मेकॅनिक. नगरजवळ केडगावला पुणे रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड होतं, ते गॅरेज, आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. ट्रक, जीपा, मिलिटरीच्या लिलावात निघालेल्या गाड्या, ट्रॅक्टर, सगळं यांच्या हाताखालून जायचं. पण ते दिवस दुष्काळाचे होते. विहिरींचे तळ दिसत होते, ट्रॅक्टर जागच्या जागी उभे होते. रस्त्यानं धान्याचे ट्रक तेवढे जायचे, तेही न थांबता. आम्ही दिवसभर माशा मारत बसायचो.

शेडच्या तोंडाशी बाजेवर भावजी बसलेले असायचे. भावजी म्हणजे यांचे थोरले भाऊ. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ट्रकवर काढली. घाटात ट्रक उलटला आणि डावा पाय मांडीतून कापावा लागला. जाऊबाई त्याआधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. आम्ही त्यांना घरी घेऊन आलो. हात शाबूत, डोळे शाबूत, उजवा पाय शाबूत. पण क्लच दाबायला डावाच पाय लागतो, आणि नेमका तोच नव्हता. रस्त्यानं ट्रक चढाला लागला की आवाजावरून ते ओरडायचे, "तिसरा गिअर टाक की गाढवा! इंजिन रडतंय न्हवं!" ट्रक निघून जायचा. भावजींचा उजवा पाय मात्र जमिनीवर दाबलेला असायचा. मला ते बघवत नसे.

थोरले दीर, म्हणून त्यांच्यासमोर माझा डोक्यावरचा पदर ढळत नसे आणि तेही माझ्याशी सरळ बोलत नसत. भिंतीकडे बघून म्हणायचे, "चहा झाला का म्हनावं." भिंत काही चहा करत नव्हती, मलाच करावा लागायचा. त्या वेळची रीत होती ती, आणि आम्हा दोघांनाही ती सोयीची होती.

अशात राहात्याच्या पेरूच्या बागांचे एक मालक ट्रॅक्टरमागे दोर बांधून एक गाडी घेऊन आले. लांबलचक, हिरवी, अमेरिकेत बनलेली. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी कुठल्याशा संस्थानिकाकडून घेतलेली. कित्येक वर्षं चिंचेखाली पडून होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. इंजिन सुरू व्हायचं, पण गाडी जागची हलायची नाही.

भावजी कुबडी टेकत आले, खिडकीतून आत डोकावले आणि म्हणाले, "ह्याचा क्लच कुठंय?"

"क्लचचा पायडलच न्हाई ह्याला, दादा," हे म्हणाले. "ऑटोमॅटिक हाय. गिअर आपले आपन पडत्यात."

दार उघडून भावजींनी कुबडी बाहेर टेकवून ठेवली आणि स्टिअरिंगमागे बसले. उजवा पाय ॲक्सिलेटरवर ठेवला. डावीकडे रिकामं होतं आणि तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. ते स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले. बागवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, चांगला माणूस होता तो. म्हणाले, "पोरीच्या लग्नाआधी चालू करून द्या, वरात हिच्यातनंच काढू. आन् ड्रायव्हर म्हनून तुमचे हे भाऊच. लग्नापुरते न्हाई, कायमचे."

संध्याकाळी भावजी भिंतीला म्हणाले, "आज काहीतरी गोड करा म्हनावं." डब्यात होता नव्हता तो गूळ घालून मी सांजा केला.

तसला गिअरबॉक्स यांनी जन्मात उघडला नव्हता. नगरात ज्याला विचारलं त्यानं हात जोडले. मग यांनी आपली पद्धत काढली. जे जे बाहेर निघेल ते ते त्याच क्रमानं, त्याच तोंडानं, माझ्या जुन्या लुगड्यावर मांडत जायचं आणि बसवताना उलट्या बाजूनं यायचं. सगळं लुगडं भरलं. मला तिथून चालायचीही चोरी. एका जाड ॲल्युमिनियमच्या तुकड्यात नुसत्या गल्ल्या कोरलेल्या होत्या, त्यांतून तेल फिरतं म्हणे. त्या गल्ल्यांत बारके छर्रे होते, ते माझ्या वाटीत गेले. परात गेली, लुगडं गेलं, वाटी गेली. आता मला तेवढं लुगड्यावर मांडायचं राहिलंय, असं मी म्हणायचे आणि हे हसायचे. दुष्काळात तेवढंच हसू होतं आमच्याकडे.

आणि आत क्लच होताच! फक्त तो पायानं दाबायचा नव्हता. पातळ गोल प्लेटांची चवड, एक नुसती लोखंडी, एक अस्तर लावलेली, पुन्हा लोखंडी. अस्तरं पार झिजून गेली होती, म्हणून गाडी ओढत नव्हती. हे मुंबईला गेले, भंगारबाजार पालथा घातला आणि तशाच गाडीतल्या प्लेटांचा एक जोड आणि पातळ लाल तेलाचा डबा घेऊन आले. दुसरा जोड मिळणं नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं. घरात पाऊल टाकलं तो शनिवार. शनिवारी तेल घरात आणू नये म्हणून मी कुरकुरले, तर हे म्हणाले, "अगं, हे काय खायचं तेल हाय का?"

प्लेटा दिसताच भावजी सरळ झाले. "हिकडं दे. हात धुतलेस का?"

हे त्यांचं जुनं पालुपद. यांना पान्हा धरायला भावजींनीच शिकवलं होतं. शिकताना एकदा यांनी तेलकट हातानं ट्रकची क्लच प्लेट उचलली, तर भावजींनी खाडकन कानाखाली वाजवली होती. ट्रकचा क्लच कोरडा असतो. त्याला तेलाचं बोट लागलं की तो घसरतो, गाडी चढ चढत नाही. सगळ्या नगरच्या मेकॅनिकांना हे ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं तो मेकॅनिकच नव्हता. तेव्हापासून प्लेटेला हात लावायच्या आधी प्रश्न ठरलेला, "हात धुतलेस का?" आणि उत्तर ठरलेलं, "धुतले, दादा."

ते काम भावजींनी स्वतःकडे घेतलं. एकेक प्लेट पेट्रोलमध्ये धुवायची, उन्हात वाळवायची, बारीक पॉलिशपेपर फिरवायचा, माझ्या धुतलेल्या फडक्यानं पुसायची आणि उजेडात धरून तिरक्या नजरेनं बघायची. जरा डाग दिसला की पुन्हा पेट्रोल. शेजारून मी फोडणीची पळी घेऊन गेले तरी भिंतीला दटावणी मिळायची, "तेल लांब ठेवा म्हनावं." पाय गेल्यापासून त्या माणसाच्या हाताला काम नव्हतं. आता तो जेवायला उठत नसे. गुणगुणायचा सुद्धा. मुंबईहून आणलेला लाल तेलाचा डबा त्या सगळ्या दिवसांत हातभर अंतरावर, झाकण बंद, तसाच ठेवलेला होता.

गाडी जोडून झाली, तेल भरलं, नारळ फोडला. भावजींनी धुवट पांढरा सदरा घातला. भिंतीऐवजी गाडीच्या बोनेटकडे बघून म्हणाले, "मागं बसायचं म्हनावं." मी मागं बसले, हे पुढे. भावजींनी गिअरचा दांडा ओढला आणि गाडी निघाली. काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तशी निघाली ती! भावजी एका पायानं गाडी चालवत होते. केडगावातली माणसं घराबाहेर येऊन बघत होती. आरशात मला भावजींचे डोळे दिसले, भरलेले होते. मी पदर तोंडात धरला. नगर ओलांडून आम्ही राहात्याच्या रस्त्याला लागलो.

चढ आला तसा इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी मात्र मंदावली. मग करपल्याचा वास आला. आधी माझ्या मनात आलं की चुलीवर काही राहिलं की काय! बाहेर आहोत हे विसरलेच होते मी. भावजी पाय दाबत होते, इंजिन बोंबलत होतं, आणि गाडी हळूहळू उभी राहिली. मग मागे घरंगळायला लागली. यांनी उडी मारून चाकाला दगड लावला.

"काय झालं रं?" भावजी विचारत होते. "अरं, काय झालं?"

एका ट्रकनं ओढत आम्हाला घरी आणलं. भावजी स्टिअरिंगमागेच बसून होते, उतरा म्हटलं तरी उतरले नाहीत.

यांनी पुन्हा सगळं लुगड्यावर मांडलं. अस्तराच्या प्लेटा काळ्या कोळसा, बोट लावलं की भुगा. लोखंडी प्लेटा निळ्या पडलेल्या. एक प्लेट फडक्यात गुंडाळून हे पुण्याला गेले. तसल्या गाड्या दुरुस्त करणारं एक जुनं गॅरेज होतं तिथे. तिथल्या मिस्त्रीनं प्लेट हातात घेऊन विचारलं, "कोरडी बसवली का?"

ह्या प्लेटा तेलातच राहतात, तेलातच काम करतात. बसवायच्या आधी रात्रभर त्या लाल तेलात बुडवून ठेवाव्या लागतात. पेट्रोल लावायचं नाही, पेपर तर मुळीच फिरवायचा नाही.

परत आल्यावर यांनी मला मोरीपाशी उभं राहून, हळू आवाजात हे सांगितलं. बाहेर बाजेवर भावजी खोकत होते.

"मग सांगा ना त्यांना," मी म्हटलं. "तुमची काय चूक?"

"पाय गेला त्यांचा," हे म्हणाले. "आता हातबी तोडू का?"

आणि बाहेर जाऊन भावासमोर उभे राहून म्हणाले, "दादा, माझ्याकडून घोटाळा झाला. एक छर्रा भलत्याच भोकात बसवला मी."

भावजींनी यांना काही म्हणून बोलायचं बाकी ठेवलं नाही. वरात दुसऱ्या गाडीतून निघाली. बागवाल्यांनी हिरवी गाडी ओढून नेली, पुन्हा चिंचेखाली गेली ती. दुसरा जोड कुठे मिळाला नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, शनिवारी तेल आणलं ना, भोगा आता. म्हणजे थोडं पाप माझ्याही वाट्याला आलं. भावजींनी यांच्याशी बोलणं टाकलं. एका घरात, एका पंक्तीत, आणि बोलणं नाही. जे काय असेल ते माझ्यामार्फत, म्हणजे भिंतीमार्फत. "त्याला म्हनावं, मीठ सरकव." आणि जेवताना खडा लागला की, "छर्रा पडला का डाळीत म्हनावं!" हे निमूट घास गिळायचे.

माझा जीव जळायचा. कितीदा तोंडाशी आलं माझ्या, की अहो भावजी, तो छर्रा नव्हता, तुमच्याच हातानं तुमची गाडी जळाली! एकदा तर "अहो" एवढं म्हणूनही झालं. यांनी वर बघितलं. नुसतं बघितलं. मी भाकरी वाढली आणि आत जाऊन चुलीवर राग काढला. भावजींवर मी चिडायचे, यांच्यावर त्याहून जास्त. एवढं सोसायचं म्हणजे काय? पण रात्री यांच्या पाठीला हात लावला की ते जागेच असायचे.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, ट्रॅक्टर फिरू लागले, गॅरेजात काम आलं. भावजी मात्र बाजेवरून उठेनासे झाले. रस्त्यानं ट्रक गेला तरी ओरडायचे नाहीत. ताप धरला, अन्न सुटलं. एका दुपारी मी पेज घेऊन गेले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"त्याला सांग," ते म्हणाले. "छर्र्याचं मी सोडून दिलं. माफ केलं म्हनावं."

मी मान हलवली. पेज सांडू नये म्हणून वाटी दोन्ही हातांनी धरली होती.

"माझ्या प्लेटा मातूर येक लंबर हुत्या. हुत्या ना?"

"व्हय, भावजी," मी म्हटलं. "आरशावानी हुत्या."

मी शेडमध्ये गेले. हे ट्रॅक्टरखाली होते, कोपरापर्यंत हात काळे. शब्दाला शब्द सांगितलं. हे बाहेर आले. घाईनं तसेच आत गेले आणि बाजेपाशी खाली बसले. भावजींचे डोळे मिटलेले होते. यांनी त्यांचा हात धरायला आपला हात पुढे केला, तेवढ्यात ते डोळे न उघडताच बोलले. दीड वर्षात भावाशी पहिलं बोलणं.

"हात धुतलेस का?"

यांनी आपल्या काळ्या हातांकडे बघितलं.

"धुतले, दादा," हे म्हणाले आणि भावाचा हात हातात घेतला.