नवसाच्या बोकडाचा ताप

माझ्या छातीचं ऑपरेशन झालं त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी वरवंडच्या घरी पीराला एक बोकड कबूल केला. जावई धडपणे घरी आला तर कंदुरी करीन, बोकड कापून सगळ्यांना जेवू घालीन. जावई आला. आणि वर्षभरानं तो बोकड कापायच्या आधी तपासायचं कामही जावयाच्याच गळ्यात पडलं, कारण जावई गुरांचा डॉक्टर.

खरं म्हणजे मी डॉक्टर नाही. न्हावऱ्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. गावातले लोक मला प्रेमानं डॉक्टर म्हणतात आणि बायको रागावली की म्हणते. आमचे साहेब कत्तलीआधीच्या तपासणीला जायचे तेव्हा त्यांच्या मागं थर्मामीटर आणि वही घेऊन मी कित्येक वर्षं फिरलो. त्यातून एवढं शिकलो की जनावराला आधी जरा विसावा द्यायचा, लांबून बघायचं आणि मगच हात लावायचा. माणसांच्या बाबतीत मी उलटं करतो, असं घरच्यांचं मत आहे.

सासूबाईंनी नवसासाठी घरच्या शेळीचंच करडू निवडलं होतं आणि वर्षभर स्वतःच्या हातानं चारलं होतं. पण याबद्दल त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. एकूणच बोलत नसत. जुन्या वळणाची बाई, जावयाशी थेट बोलायचं नाही. मी दोन हातांवर जेवायला बसलेला असलो तरी डोक्यावरचा पदर पुढं ओढून लेकीला म्हणायच्या, "त्यांना इचार, भाकरी वाढू का?" मग बायको तोच प्रश्न मला मोठ्यानं विचारायची, जणू मी बहिरा आहे. बावीस वर्षं आमचा संवाद असा चालला होता.

कंदुरीच्या दिवशी सकाळी मांडव पडला, मसाला वाटून झाला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमच्याच नावाचा हाय. बघा एकदा आन् शिक्का मारा."

चार लोकांसमोर मान मिळतोय म्हटल्यावर मी थर्मामीटर झटकत, जरा तोऱ्यातच निघालो. बोकड पाल्यापासून बाजूला उभा होता. कान पडलेले, एक नाकपुडी वाहत होती. ताप एकशे साडेपाच. बोकडाला एकशे दोन-तीन असतोच, पण साडेपाच म्हणजे जास्त. गर्दीनं घाबरला असेल म्हणून मी सगळ्यांना हटवलं, त्याला सावलीत बांधलं आणि तासाभरानं पुन्हा बघितलं. काटा तिथंच. वर खोकला.

"हा आज कापता येणार नाही," मी म्हणालो.

"दाजी, दीडशे पाव्हणं जेवायला येत्यात."

"म्हणूनच."

"मग यवतवरनं दुसरा आणतो. तासाभरात येतो बघा."

दारातून सासूबाईंचा आवाज आला. "नगं रं, नवस बोललेला ह्योच हाय." आणि त्या आत गेल्या.

थोड्या वेळानं बायको बाहेर आली. डोळे भरलेले. "आई म्हणते, पीरानं घेतला नाही. म्हणजे तुमचं..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बोकडाचा ताप सांगत होतो आणि सासूबाई माझा ऐकत होत्या.

सुरी फिरवायला आलेले मुलाणीमामा ओट्यावर बसले होते. त्यांनी सुरी परत फडक्यात गुंडाळली आणि घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वैनी, आजारी जनावर आमच्यातबी चालत न्हाई. पीर काय यष्टी हाय व्हय, सुटून जायला? बरा झाल्यावर करू."

बाहेर सगळे हसले. 

मी इंजेक्शन दिलं. म्हणजे आता औषध अंगातून उतरेपर्यंत तीन आठवडे थांबणं आलं. मेव्हण्यानं घरच्या ग्रुपवर टाकलं, 'बोकडास ताप असल्याने कंदुरी पुढे ढकलली आहे, कृपया नोंद घ्यावी.' ज्यांनी मोबाईल बघितला नाही ते आलेच. त्यांना पिठलं-भाकरी वाढली. एक आप्पा ताट पुसून म्हणाले, "पिठल्याची कंदुरी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली." मी मांडवाच्या खांबाआड जेवलो.

आम्ही घरी परतलो, पुढची इंजेक्शनं वरवंडच्याच एका पर्यवेक्षकानं दिली. कोमट पाणी, खाली पोतं, वाऱ्याचा आडोसा, सगळ्या सूचना मी बायकोमार्फत पाठवत होतो. पाचव्या दिवशी बायको शाळेत शिकवायला गेलेली आणि माझाच फोन वाजला. वरवंडहून. पलीकडं कोणी बोलेना.

"हॅलो?"

"मी बोलतीय," सासूबाई म्हणाल्या. "ती न्हाई का तिथं?"

"नाही मामी. शाळेत गेलीय."

आता ठेवतील असं वाटलं. पण नाही. "बोकडानं लिंबाचा पाला खाल्ला आज."

"वा, चांगलं झालं."

"खोकतोय पण अजून."

"दोन दिवसांत कमी येईल."

"बरं." मग म्हणाल्या, "आन् तुम्ही जेवला का?"

त्यानंतर रोज दहाच्या सुमाराला फोन. आधी बोकडाची तब्येत, मग माझी. बोकडाबद्दल मी एकेक लक्षण विचारून घ्यायचो. स्वतःबद्दल "झकास" म्हणून मोकळा व्हायचो. त्यावर त्या नुसतं "हं" म्हणायच्या. जन्मभर गुरं सांभाळलेली बाई. तो "हं" मला पटल्यासारखा वाटायचा नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही आदल्या दिवशीच वरवंडला गेलो. दुसऱ्या दिवशी मी सकाळी गोठ्यात शिरलो तर सासूबाई आधीच तिथं. बोकडाची शिंगं त्यांनीच धरली. नाक कोरडं, डोळे तरतरीत, ताप एकशे दोन.

"उतरला," मी म्हणालो.

त्यांनी थर्मामीटरकडं बघितलंही नाही. "आता तुमचं सांगा. ह्याचं सांगता तसं, खरं."

"माझ्यासाठी थर्मामीटर वेगळा लागतो, मामी."

त्या हसल्या नाहीत. शिंगं धरून तशाच उभ्या राहिल्या. मग मी सांगितलं. रिपोर्ट चांगले आहेत. पण जिना चढताना मधे थांबतो आणि मोबाईल बघितल्यासारखं करतो. थंडीत छातीचं हाड ओढतं. आणि भीती गेलेली नाही. उगाच हात छातीवर जातो, धडधडतंय ना बघायला. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एका बोकडासमोर, त्यातही त्याची शेपटी माझ्याकडं.

"तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी मला कुणी कायबी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "फोन वाजायचा, पोरं बाहेर जाऊन बोलायची. मी हितं येऊन बसले आन् पीराला बोलले. दुसरं काय होतं माझ्या हातात?"

शिंगं सोडून म्हणाल्या, "तिला सांगा. जिन्याचं."

मी मान हलवली.

दुपारी मुलाणीमामा आले. "काय डॉक्टर, परवानगी हाय का?" मी हो म्हणालो. तेवढ्या वेळापुरत्या सासूबाई उसात निघून गेल्या. वर्षभर हातानं चारलेला जीव. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी पदर खोचून वाढायला घेतलं.

पंगतीत माझ्यासमोर वाटी आली. वरची तर्री काढलेला रस्सा आणि मटणाच्या दोन फोडी.

"मामी, बोकड माझ्या नावाचा होता."

"म्हणूनच दोन," सासूबाई म्हणाल्या.

भाकरीची टोपली घेऊन उभी असलेली बायको आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागली. सासूबाई माझ्याकडं वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आत्ता दम लागतोय?"

"नाही."

त्यांनी क्षणभर माझ्या डोळ्यांत बघितलं. मग खरं बोलतोय अशी खात्री पटल्यावर पुढच्या ताटाकडं सरकल्या.