मागाचं तेल गाडीला

गाडी चालवायला शिकले तेव्हा मी साठीची होते. म्हणजे कोवळीच. अक्कल यायला अजून सात-आठ वर्षं होती, आत्मविश्वास मात्र पोत्याने होता. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा त्या साठीच्या बाईने काय केलं? पर्समधून मोठी टिकली काढून त्यावर चिकटवली. दिवा दिसेना, म्हणजे बिघाड मिटला.

बिघाडाला हे कोणी सांगितलं नव्हतं. मानकोलीच्या चढावर गाडीने मान टाकली, मागे कंटेनरची रांग लागली आणि एक ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मौसी, धक्का दूँ या दुआ?" मी धक्का घेतला.

घरी मुलाने टिकली सोलून काढली. "आई, पुन्हा एकदा बंद पडली ना, किल्ली माझ्याकडे. तू रिक्षाने फिरायचं."

रिक्षात वाईट काही नाही. पण जन्मभर 'मला सोडशील का' असं कोणाला तरी विचारून माहेरी गेलेल्या बाईला विचारा, किल्ली म्हणजे काय ते. ती मी सोडणार नव्हते.

जवळच्या गॅरेजवाल्याने गाडीला यंत्र जोडलं, मोबाइलवर आलेला बिघाडाचा कोड पुसला, दिवा विझला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग मुलानेच गाडी काल्हेरच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. मी शेजारच्या सीटवर, पाहुण्यासारखी.

या मिस्त्रीने कोड वाचला, पण पुसला नाही. म्हणाला, "कोड सिर्फ मोहल्ला बताता है, घर ढूँढना पड़ता है." कोड होता इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. त्याने मला ॲक्सिलरेटर दाबायला बसवलं. इंजिन गुरगुरलं, पण स्क्रीनवरचा हवेचा आकडा जेमतेम हलला.

"हवा जा रही है मौसी, गिनने वाला सो रहा है."

मग त्याने एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर तेलकट, त्यावर कापसाचे तंतू बसून गोधडी झालेली. पुढच्या सेन्सरची केसासारखी तार तेलाने माखलेली.

"इसमें तेल किसने डाला?"

नारपोलीत आमचा आठ मागांचा कारखाना घराला लागूनच, आणि गाडी त्याच्या दाराशी. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच सासऱ्यांनी हातात तेलाची कुपी दिली होती. शिफ्ट बदलली की मागाला तेल. आमच्याकडे शिवणयंत्र, पंखा, दाराचं बिजागर, कुरकुरणारं काहीही तेल पितं. मग गाडीनेच काय पाप केलं? त्या साठीच्या पोरीने दर शुक्रवारी, माग बंद असताना, फिल्टरला चार-चार थेंब पाजले होते. वर तिचं शास्त्रही होतं: तेलाला कापूस चिकटेल, आत जाणार नाही.

मी तोंड उघडणार, तोच मुलगा पुटपुटला, "मी टाकलं. रविवारी गाडी धुताना. थोडंसंच."

मिस्त्रीने फिल्टर उचलून धरला. "थोड़ा? इसमें तो समोसे तल लो." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "लूमवाले हो?"

"हो."

"तभी."

त्याने सेन्सर स्प्रेने धुतला, वाळू दिला, कोरडा नवा फिल्टर बसवला आणि मग कोड पुसला. मी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. आकडा सरसर चढला.

त्या क्षणी 'मी पण' म्हणता आलं असतं. दोन शब्द. पण साठीची मी तेवढी सज्जन नव्हते. मिस्त्रीने इंजिन बंद करून किल्ली मुलापुढे धरली, आणि मी मध्येच हात घालून ती घेतली.

"यापुढे तू बॉनेटला हात लावायचा नाहीस," मी म्हटलं.

घरी येताना गाडी मी चालवत होते. तो शेजारी बसून माफी मागत होता आणि मी मोठ्या मनाने त्याला माफ करत होते. हे वाचेल तेव्हा कळेलच त्याला.