पांढुर्णेवाले उठले

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं वर्षानुवर्षं एकाच ओट्यावर बसली की ते आपोआप साचतात, आणि माणसं पांगली की मागे तेवढेच उरतात. आमचा ओटा पांढुर्ण्यातल्या गजाननच्या कापडदुकानाचा. गजानन दुकानाचा मालक, मी शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर, नत्थू पाटील तिगावचा संत्रा बगीचेवाला. चौथा वामन. तो सौसरच्या तहसील कचेरीत क्लार्क होता आणि दर शनिवारी मोटारीनं गावी यायचा.

दुकानाच्या मागेच गजाननचं घर होतं. मधल्या दाराच्या आत, चौकटीला टेकून, त्याची बायको सुमनवहिनी बसायच्या. आम्ही तासभर बडबडायचो, त्या एक वाक्य बोलायच्या. लक्षात मात्र त्यांचंच राहायचं.

*

सत्तेचाळीस सालचा ऑगस्ट. वहिनी तेव्हा नवी नवरी होत्या. गजाननचे वडील जुन्या वळणाचे. सून ओट्यावर दिसता कामा नये, असा घरचा दंडक. पंधरा तारखेला झेंडावंदन करून आम्ही ओट्यावर आलो, तर वहिनी स्वतः बुंदीचं ताट घेऊन बाहेर!

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सुनबाई, तू बाहीर कायले आली?"

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मामाजी, आज सगळ्याइलेच मोकळीक हाय म्हणते ना!"

म्हाताऱ्यांनी मुकाट्यानं बुंदी घेतली. पण दुसऱ्या दिवसापासून वहिनी पुन्हा दाराच्या आत. "देशाले कायमची भेटली, मले एका दिवसाची," असं त्या पुढे हसून म्हणायच्या. आम्हीही हसायचो. आता हसू येत नाही.

*

गावात तंबूतला सिनेमा यायचा, तो जुना आणि जागोजागी तुटलेला. नवा पाहायचा तर नागपूर. दुपारचा खेळ धरायचा आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत यायचं. पण खेळ संपेपर्यंत थांबलं तर गाडी चुकणार! म्हणून ऐन रंगात आलेला सिनेमा सोडून आम्ही उठायचो.

नत्थूला हे सोसायचं नाही. "तिकडं हिरोले साप चावून राहिला, अन् तुमी गाडी गाडी करून राहिले!" असं तो अंधारात ओरडायचा. लोक शिव्या द्यायचे.

होता होता थिएटरचा डोअरकीपरही आम्हाला ओळखायला लागला. आम्ही दाराशी आलो की तो बाहेरच्या सोडावाल्याला हाक मारायचा, "पांढुर्णेवाले उठले! बाटल्या काढून ठेव, खेळ सुटते आता!"

आम्ही नागपुरात कितीतरी सिनेमे पाहिले. शेवट एकाचाही पाहिला नाही.

*

शेवट गजानन सांगायचा. गाडी सुटली की तो सुरू. काटोलला हिरो तुरुंगातून सुटायचा, नरखेडला लग्न लागायचं, पांढुर्णा येईपर्यंत घरात पाळणा हललेला असायचा. त्याच्या शेवटात कोणी मरत नसे. एकदा हिरो आमच्या डोळ्यांदेखत पुरात वाहून गेला होता. गजानननं त्याला कळमेश्वर यायच्या आतच बाहेर काढलं.

"अबे, बुडला ना तो!" नत्थू म्हणाला.

"पोहता येत होतं त्याले."

"कोणी सांगितलं?"

"नदीकाठचा पोट्टा होय. पोहता येणारच!"

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट तो ओट्यावर पहिल्यापासून सांगायचा, आणि जरा मोठ्यानं सांगायचा. ती आमच्यासाठी नसायचीच. वहिनींनी सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. आधी सासऱ्यांचा दंडक आड आला. ते गेले तोवर वहिनींच्या छातीत दुखणं शिरलं होतं. ताप यायचा, खोकला थांबायचा नाही, कपबशीही त्यांनी आपली वेगळी केली होती. गोष्ट संपली की त्या आतून हिरॉइनचं विचारायच्या, "वाचली ना शेवटी?"

"वाचली," गजानन म्हणायचा.

*

वामनची गोष्ट उलटी. त्याला खोटं बोलता येत नसे. हे काही तत्त्व वगैरे नव्हतं, जमतच नसे! पत्ते खेळताना हुकमाचा एक्का हातात आला की त्याचे कान लाल व्हायचे. वहिनी दारातून सांगायच्या, "सांभाळा, भाऊजीचे कान पाहा!" आणि वामन बिचारा एक्का टाकून मोकळा व्हायचा.

त्याच्या बहिणीला पाहायला लोधीखेड्याची मंडळी आली, तेव्हा मीही तिथे होतो. वामनची आई कौतुकानं म्हणाली, "हे लाडू पोरीनंच केले."

वामनचे कान पेटले. "नाही ना आई. शेजारच्या काकूनं केले."

आई पदराआड गेली. मुलाच्या वडिलांनी हातातला लाडू सावकाश संपवला आणि म्हणाले, "लाडू आमच्या घरी शिकवतीन तिले. खरं बोलणं शिकवाले आमच्याजवळ माणूस नाही." सोयरीक तिथेच पक्की झाली.

*

छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. ज्या नागपूरला आम्ही आपली राजधानी म्हणत होतो, ते एकाएकी परकं झालं. वर्गात नकाशा लावताना माझा हात अडला, हे मी कुणाला सांगितलं नाही.

नत्थूनं मात्र ओट्यावर येऊन जाहीर केलं, "माहे बैल त्याच गोठ्यात, विहीर तिथंच, संत्र्याची झाडं जागच्या जागी. रातीतून राज्य बदललं, अन् मले कोणी उठवलं बी नाही!"

सगळे हसले, वामन हसला नाही. सरकारी नोकरांना ऑप्शन होता, इकडे राहायचं की तिकडे जायचं. त्यानं नागपूर मागितलं होतं. थोरला भाऊ तिथे होता आणि आईही त्याच्याकडेच राहायला गेली होती. ते सांगता सांगता त्याला रडू आलं. गजानन उठून आत गेला. आमचा चौघांचा डाव त्या दिवशी मोडला.

वहिनीच तेवढ्या बोलल्या. "रडता काहून भाऊजी? आता तुमाले गाडीची घाई नाही. शेवटापर्यंत बसा, अन् कधी आले की मले सांगा."

*

वामन जायच्या आधी आम्ही चौघांनी एक शेवटचा सिनेमा पाहिला होता. त्यातल्या सुनेला छातीचं दुखणं असतं. तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेतात, आत घेऊन दार लावतात, आणि तिथेच आमची गाडीची वेळ झाली. गजानननं तिला नरखेडपर्यंत खडखडीत बरं केलं.

त्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरांनी गजाननला सांगितलं, वहिनींना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ठेवा, अजून वेळ गेलेली नाही. वहिनी ऐकेनात. "तिथं गेलेलं माणूस वापस येत नाही. मराचं तं घरी मरतो." गजानननं हात जोडले, रागावला, जेवण सोडलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. हसऱ्या माणसाचा हट्ट फार वाईट.

अशात एका रविवारी वामन भेटायला आला. संध्याकाळच्या गाडीनं त्याला परतायचं होतं, सोमवारी कचेरी. मी आणि नत्थू त्याला आणायला स्टेशनवर गेलो. येताना वाटेत तो म्हणाला, "तो सिनेमा पुन्हा लागला होता. मी पुरा पाहिला."

"मंग?"

"मरते ते सून. दवाखान्यातच."

नत्थू रस्त्यात थांबला. "वहिनीपाशी हा विषय काढू नको."

"मी नाही काढत. पण त्यायनं विचारलं तं?"

दुपारभर आम्ही संत्र्याचा भाव, शाळा, पाऊसपाणी, काय काय बोलत राहिलो. दिवस कलला तेव्हा दारातून खोकला ऐकू आला आणि मग वहिनींचा आवाज.

"भाऊजी, ते दवाखान्यातली सून. तुमी शेवट पाहिला काय?"

"पाहिला."

"यायले मी इचारत नाही. हे तं बुडलेल्यालेही वाचवते." त्यांनी गजाननकडे पाहिलंही नाही. "तुमाले खोटं बोलता येत नाही, म्हणून इचारतो. दवाखान्यातून ते वापस आली काय?"

गजानन गिऱ्हाइकासाठी कापड मोजत होता. गज त्याच्या हातात तसाच राहिला.

वामननं कप खाली ठेवला. "आली," तो म्हणाला.

त्याचे कान लालभडक झाले होते. वहिनींना ते दिसत होते. आम्हा सगळ्यांनाच दिसत होते.

"आपल्या पायानं?"

"आपल्या पायानं."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि चौकटीला नीट टेकून बसल्या. "मंग? पुढं सांगा."

आणि जन्मात एक लाडू ज्याला लपवता आला नाही, तो वामन सांगू लागला. सून टांग्यातून उतरली. दारात रांगोळी होती. सासरा ओट्यावर बसला होता. त्यानं सरकून जागा केली अन् म्हणाला, सुनबाई, आत कायले जाते, बस अठी, हवा चांगली सुटून राहिली...

स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. नत्थू उठून उभा राहिला. "वामन, गाडी! उठ ना बे!"

वामननं मान वळवली नाही.

"जाऊ दे गाडी. शेवट राहिला अजून."